ऊस वाहतूक आणि ब्रेकचा प्रश्न



गळीत हंगाम तोंडावर आला की आपण तोडणीच्या टोळ्या, उचल आणि टनामागचा दर यांवर बोलतो. ब्रेकचे नाव निघते ते गाडी उलटल्यावर. म्हणून हे चार शब्द.

गेल्या हंगामात उसाने भरलेला आमचा जुना ट्रक तळेगाव दाभाड्याहून निघाला. उतारावर एक दुचाकीवाला आडवा आला. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, पण गाडी थांबेना. शेवटी खालचा गिअर टाकून, बांधाला घासत उभी केली. कुणाला लागले नाही, ही देवाची कृपा. रात्री मुलगा म्हणाला, "आबा, मागचे ड्रम काढून डिस्क बसवू. जुन्या बाजारात सामान स्वस्त मिळते."

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. ड्रम बंद असतो. उतारावर सारखा ब्रेक दाबला की तो तापून फुगतो, शूपासून लांब जातो आणि पकड सुटते. खंडाळ्याचा घाट उतरलेल्या ड्रायव्हरला लायनरचा तो जळका वास ठाऊक आहे. डिस्क उघडी असते, वाऱ्याने लवकर गार होते.

पण फिरता ड्रम एका शूला आपणहून ओढून घट्ट करतो. डिस्कला ही मदत नाही, दाब जास्त लागतो. म्हणजे हब, कॅलिपर, दाबाची यंत्रणा, पुढच्या-मागच्या चाकांचा मेळ, सारेच बदलावे लागते. बहुतेक ट्रकांचा हँडब्रेकही मागच्या ड्रमवरच चालतो. २०१८ साली दोन एक्सलच्या ट्रकची वजनमर्यादा १६.२ वरून १८.५ टन झाली, त्यात ११.५ टन मागच्या एक्सलवर. एवढा भार अंदाजाने बसवलेल्या सामानावर सोडायचा काय? शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ असे मूळ बदल परस्पर करू देत नाही. उद्या अपघात झाला तर विम्याचे भांडण वेगळेच. नव्या गाडीला कंपनीतूनच डिस्क येत असेल तर जरूर घ्यावी.

आमचा ड्रम उघडला तेव्हा खरे कारण कळले. हबचे सील गळून लायनरवर ग्रीस आले होते, दुसऱ्या बाजूचा ब्रेक कित्येक महिने आवळलाच नव्हता. दोष ड्रमचा नव्हता, आमचाच होता.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, वाहतुकीचा करार करण्यापूर्वी शेतकी खात्याने प्रत्येक गाडीचे ब्रेक तपासून घ्यावेत. लायनर-सीलचा खर्च वाहतूक बिलातून हप्त्याने कापावा. पुष्कळ ट्रेलरना स्वतःचे ब्रेकच नसतात. ट्रॅक्टरचे ऑइल ब्रेक कितीही चांगले असले तरी मागून रेटणारे दोन भरलेले ट्रेलर ते कसे आवरणार? तिथे आधी लक्ष द्यावे. आणि ड्रायव्हर बंधूंनी ध्यानात ठेवावे, वेग २० चा ४० केला की ब्रेकचे काम दुप्पट नाही, चौपट होते.

ऊस गव्हाणीत तासभर उशिरा पडला तरी साखर होतेच. रस्त्यावर गेलेला माणूस मात्र परत येत नाही.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद