चेंबर धुण्याची मजुरी कुठे गेली?



जुन्या मोटारसायकली पुन्हा रस्त्यावर आणण्याचे वेड सध्या जोरात आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली जावा, १९७३ नंतरची येझदी, मद्रासला बनलेली बुलेट. हे वेड आपल्यातही आहे. भुसावळच्या शेडमधला फिटर असो की नागपूरचा आरएमएसवाला सॉर्टर, फंडाचे पैसे हातात आले की अंगणात वीस वर्षे उभी असलेली गाडी आठवते. त्याला नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. हप्त्याने घेतलेल्या पहिल्या गाडीवर माणसाचा जीव असतो. प्रश्न निराळा आहे. त्या गाडीचे इंजिन उघडले की ते धुतो कोण, कशाने धुतो, आणि त्याच्या पदरात काय पडते?

गॅरेजचे बिल काढून बघा. बोअरिंगचे पैसे आहेत, पिस्टनचे आहेत, बेअरिंगचे आहेत, बफिंगचे तर घसघशीत आहेत. धुलाईची ओळच नाही. दोन दिवस एक पोरगा पेट्रोलच्या ट्रेमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसला होता, त्याचा हिशेब बिलात कुठेच नाही.

मागच्या पावसाळ्यात अशाच एका गॅरेजात मी बसलो होतो. आपलाच एक जुना सहकारी मिस्त्रीशी हुज्जत घालत होता. म्हणाला, ‘अरे, नुसतं धुवायचं तर आहे! त्याचे कसले पैसे लावतोस?’ हाच गृहस्थ ओव्हरटाइमच्या अर्ध्या तासासाठी आमच्याबरोबर तीन दिवस गेटवर बसला होता. मालकाची भाषा आपल्या तोंडात किती सहज येते पहा.

‘नुसते धुणे’ म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घेऊ. आपल्याला हे शिकवायला नको खरे तर. वाफेच्या जमान्यात लोको शेडमध्ये माणूस आधी क्लीनर होत असे, मग फायरमन, मग ड्रायव्हर. इंजिनाची ओळख पुसण्यापासून सुरू व्हायची. आज तेच काम ‘पोऱ्याचे काम’ ठरले.

येझदीचे इंजिन टू-स्ट्रोक. तिच्या चेंबरमध्ये, म्हणजे क्रँककेसमध्ये, पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी खेचले जाते, दाबले जाते आणि मग वर सिलिंडरात जाते. चेंबरचे दोन अर्धे जिथे जुळतात तिथे जुने पॅकिंग चिकटलेले असते. ते छिन्नीने खरवडले की मऊ अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडतो. त्या ओरखड्यातून हवा आत शिरते, मिश्रण विरळ होते, पिस्टन तापतो आणि भर रस्त्यात इंजिन सीझ होते. मग गिऱ्हाईक पिस्टनला शिव्या देते. पॅकिंग भिजवून, बोथट पात्याने, अर्धा अर्धा इंच पुढे सरकत काढावे लागते. याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजेच मजुरी.

बुलेटची गोष्ट आणखी नाजूक. जुन्या बुलेटची तेलाची टाकी चेंबरमध्येच ओतलेली आहे. तिच्या तळाशी वर्षानुवर्षांचा काळा गाळ बसतो. तेलाच्या वाटा बारीक. प्रत्येक वाटेत बारीक ब्रश घालायचा, हवा मारायची, पलीकडून स्वच्छ थेंब येईपर्यंत पुन्हा तेच. एक कण राहिला तर तेल त्याला थेट कनेक्टिंग रॉडच्या बुशापर्यंत नेऊन पोचवते.

आणि सँडब्लास्टिंग! चेंबर नव्यासारखा पांढरा दिसावा म्हणून मालक हौसेने करून घेतो. बारीक कण मऊ धातूत रुततात, आट्यांमध्ये लपतात. त्यानंतर गरम पाणी आणि साबणाने दोन-तीनदा धुऊन, प्रत्येक भोक हवेने साफ करून, पांढऱ्या फडक्याने पुसून पाहिल्याशिवाय इंजिन जोडणे म्हणजे आत पॉलिश पेपर ठेवण्यासारखे आहे. वाळूची धूळ ज्याच्या छातीत गेली त्याचे तर कुणी विचारतच नाही. ब्रिटनने १९४९ सालीच ओतीव मालावर वाळू मारण्यास बंदी घातली. आपल्याकडे गल्लीबोळात पोरगा तोंडाला रुमाल बांधून तेच करतो. सिलिकोसिस रुमालाने थांबत नाही.

पेट्रोलचेही तसेच. त्यात बेंझिन असते, आणि बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो हे वैद्यकशास्त्राने निर्विवाद ठरवले आहे. ते वाफेतून फुप्फुसात जाते आणि कातडीतूनही शिरते. शिवाय पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही पेटते. ती हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, आणि शेजारच्या वेल्डिंगची एक ठिणगी पुरते. रॉकेल पेटायला त्या मानाने बरेच तापावे लागते. रेशनवरचे रॉकेल बहुतेक ठिकाणी बंद झाले हे मान्य. पण डिझेल आहे, मिनरल टर्पेंटाइन आहे. पेट्रोल लवकर सुकते आणि ट्रेजवळच कॅनमध्ये असते, एवढेच त्याचे कौतुक.

कायदा काय करतो? बेंझिनची विषबाधा आणि सिलिकोसिस हे दोन्ही रोग १९४८ च्या कारखाना कायद्याने सरकारला कळवण्याजोगे ठरवले होते. पण वीज वापरणारी जागा कारखाना ठरण्यासाठी तिथे दहा कामगार लागत, २०२० च्या संहितेने ते वीस केले. चार माणसांचे गॅरेज आधीही बाहेर होते, आता त्याच्या शेजारचेही बाहेर गेले.

आपल्यातले काही जण घरीच काम करतात. वर्कशॉपमध्ये बॉश टँकच्या गरम कॉस्टिकमधून बोगी कशी स्वच्छ निघते ते त्यांनी पाहिलेले असते. त्यांना हात जोडून सांगणे, ते पोलादासाठी आहे. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खाते, वर हायड्रोजन सोडते. चेंबरची बेअरिंगची बैठक एकदा सैल झाली की परत येत नाही.

तेव्हा गाडी गॅरेजात टाकताना बिलावर धुलाईची वेगळी ओळ मागून घ्या आणि ती रक्कम घासाघीस न करता द्या. चेंबर उघडण्याआधी बाहेरची माती घरी काढून न्या. जाताना नायट्राइलच्या हातमोज्यांचे दोन जोड आणि एक चष्मा बरोबर घ्या, साधे रबरी मोजे पेट्रोलात फुगून फाटतात. हवा मारताना पोऱ्याच्या डोळ्यांवर तो चष्मा आहे ना, ते उभे राहून बघा.

आमच्या त्या सहकाऱ्याची बुलेट अजून गॅरेजातच आहे. हा अंक मी त्याला हातोहात देणार आहे, बिल चुकते करायच्या आधी.