विश्लेषण : ९५ पर्सेंटाइल मिळूनही हवे ते कॉलेज का मिळत नाही?

अभियांत्रिकी सीईटीचा निकाल लागला, की सीओईपी, व्हीजेटीआय, पीआयसीटी ही नावे घराघरांत घेतली जातात. ‘पंच्याण्णव आहेत, पुण्यात कॉम्प्युटर मिळायला हरकत नाही’ असे नातेवाईकही सांगू लागतात. प्रत्यक्षात पहिली फेरी जाहीर होते आणि अनेकांच्या पदरी निराशा येते. गुण कमी पडले असे दर वेळी नसते, अनेकदा आकड्याचा अर्थच चुकीचा लावलेला असतो. हे गणित नेमके कसे आहे?

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, मग काय?

पर्सेंटाइल म्हणजे आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणाऱ्या परीक्षार्थींचे शेकडा प्रमाण. सीईटीच्या पीसीएम गटाची परीक्षा २०२५ मध्ये ४ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. हिशेबासाठी ४ लाख धरले तरी ९९ पर्सेंटाइलच्या विद्यार्थ्यापुढे सुमारे ४ हजार जण असतात. ९८ ला हा आकडा ८ हजार, ९५ ला २० हजार आणि ९० ला ४० हजारांवर जातो. बारावीत ९५ टक्के म्हणजे उत्तम, ही सवय इथे फसवते. नामांकित कॉलेजातील एका शाखेत बहुधा ६० किंवा १२० जागा असतात. तिथे ९८ आणि ९९ यांतील ४ हजारांचे अंतर फार मोठे ठरते.

एका शाखेत आपल्या वाट्याला किती जागा?

समजा, एका शाखेत राज्याच्या कोट्यातून कॅपद्वारे भरायच्या ४० जागा आहेत. एसईबीसी धरून सामाजिक आरक्षण साधारण ६० टक्के, म्हणजे खुल्या उरल्या १६. त्यात मुलींसाठी ३० टक्के आरक्षण, म्हणजे सुमारे ५. उरलेल्या ११ पैकी, कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असेल तर ७० टक्के जागा त्याच विद्यापीठ क्षेत्रातील विद्यार्थ्यांना. बाहेरच्या भागातून येणाऱ्या मुलासाठी खुल्या गटात राहिल्या जेमतेम ३. हा हिशेब ढोबळ आहे. मात्र नागपूर किंवा नांदेडच्या विद्यार्थ्याला पुण्यातील त्याच कॉलेजचा कटऑफ पुण्याच्या विद्यार्थ्यापेक्षा वेगळा का दिसतो, हे यातून कळते.

मग कटऑफ कसा वाचायचा?

कटऑफ यादीतील ‘जीओपनएच’, ‘एलओपनओ’ अशी अक्षरे महत्त्वाची आहेत. सुरुवातीचा ‘जी’ सर्वसाधारण जागेचा, ‘एल’ मुलींच्या जागेचा. शेवटचा ‘एच’ म्हणजे स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातील, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्या क्षेत्रातील आणि ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय जागा. आपल्याला लागू नसलेला रकाना वाचून आशा धरणे किंवा सोडणे, दोन्ही चूक. ट्यूशन फी माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागांचा पर्याय क्रमांक वेगळा असतो आणि जागा मोजक्या असल्याने तिथला कटऑफ सहसा वर असतो.

यादीत पर्सेंटाइलबरोबर गुणवत्ता क्रमांकही असतो. तुलना त्याच्याशी करावी. परीक्षार्थींची संख्या दर वर्षी बदलते, त्यामुळे गेल्या वर्षीचे ९७ आणि यंदाचे ९७ यांचा अर्थ सारखाच राहील असे नाही.

पसंतीक्रम कसा लावावा?

वरच्या क्रमांकावर अवघड कॉलेज टाकले तर खालची संधी जाते, हा गैरसमज आहे. संगणक गुणवत्तेनुसार एकेका विद्यार्थ्याची यादी वरून खाली तपासतो आणि उपलब्ध असलेली पहिली जागा देतो. त्यामुळे यादीचा क्रम आवडीनुसारच हवा. मात्र २०२५-२६ पासून चार फेऱ्या झाल्या आणि एक अट आली. पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी पर्याय मिळाला, तर तो घ्यावाच लागतो. नाकारल्यास पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून ‘बघू तरी’ म्हणून पहिल्या सहांत काहीही भरू नये. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची माहिती पुस्तिका वाचावीच.

यादीचे तीन भाग करता येतात. गुणवत्ता क्रमांक १२ हजार असेल, तर ८ हजारांना बंद झालेले पर्याय स्वप्नातले, १२ हजारांच्या आसपासचे टप्प्यातले आणि १८ हजारांच्या पुढे बंद झालेले खात्रीचे. बहुतेकांची यादी फसते ती तिसरा भाग रिकामा ठेवल्याने.

आयआयटीचे चित्र वेगळे आहे का?

तिथे चाळणी आणखी बारीक आहे. २०२५ मध्ये जेईई मेन देणारे १४ लाखांहून अधिक होते. अ‍ॅडव्हान्स्ड दिली सुमारे १ लाख ८० हजारांनी, पात्र ठरले ५४ हजारांवर आणि २३ आयआयटींत मिळून जागा होत्या सुमारे १८ हजार. म्हणजे पात्र ठरलेल्या तिघांपैकी दोघांना जागाच नव्हती. आयआयटी मुंबईतील कॉम्प्युटर सायन्सच्या खुल्या जागा तर देशातील पहिल्या ७० क्रमांकांतच संपतात.

एक वर्ष ड्रॉप घ्यावा का?

अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोनच वर्षे देता येते. त्यामुळे बारावीनंतरचा ड्रॉप ही बहुतेकांची शेवटची संधी. आजारपण किंवा उशिरा सुरू केलेली तयारी असे ठोस कारण असेल, सराव चाचण्यांत गुण सतत वाढत असतील, तर विचार करता येतो. ‘आणखी थोडा जोर लावला असता तर’ एवढ्यावर क्लासची दुसऱ्या वर्षाची फी भरणे महागात पडू शकते. मिळालेली जागा सोडायची की नाही, हे वर्षभराचा खर्च आणि मुलाची मनःस्थिती दोन्ही पाहून ठरवावे.

पहिली पसंती हुकली तर?

दारे बंद होत नाहीत. अनेक कॉलेजांत पहिल्या वर्षानंतर रिक्त जागांवर शाखा बदलता येते. कोणत्याही मान्यताप्राप्त कॉलेजातून पदवी घेऊन ‘गेट’मार्फत आयआयटीत एमटेकला जाता येते. खर्चाचाही विचार हवा. वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. सवलत लागू नसेल, तर घराजवळचे चांगले स्वायत्त कॉलेज आणि कर्ज काढून गाठलेले दूरचे मध्यम कॉलेज यांत पहिले अनेकदा शहाणपणाचे ठरते. पर्याय अर्ज निश्चित करण्यापूर्वी घरच्यांनी एकत्र बसून यादीतील प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारावा : हेच मिळाले, तर आपण आनंदाने जाऊ का? उत्तर नाही असेल, तर ते नाव यादीत नको.