हुरड्याच्या दिवसांतील एक मुक्काम

आपल्या घरांत ‘बाहेरगावी मुक्काम’ या शब्दांचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. कचनेर, शंखेश्वर, पालिताणा. धर्मशाळेची खोली, भोजनशाळेची पंगत आणि परतताना प्रसादाची पुडी. यात उणे काहीच नाही. परंतु केवळ विश्रांतीसाठी, दोन दिवस शांत बसण्यासाठी कोठे जावे, असा प्रश्न निघाला की आपली कुटुंबे अडखळतात. हॉटेलातील स्वयंपाकघराची खात्री नसते, जेवण रात्री नऊला वाढतात, आणि घरातील ज्येष्ठ मंडळी ‘तुम्ही जाऊन या, आम्ही घरी बरे’ असे म्हणून मोकळी होतात. या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या जालना जिल्ह्यातच, घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे, आणि त्याचा हंगाम आता तोंडावर आला आहे. म्हणून या वेळचा लेख शेतावरील मुक्कामाविषयी.

शेतावर पाहुणे ठेवून त्यातून शेतीला जोड-उत्पन्न मिळवावे, ही कल्पना महाराष्ट्रात बारामती परिसरातून पुढे आली. श्री. पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये कृषी पर्यटन विकास संस्थेच्या माध्यमातून तिला व्यवस्थित रूप दिले. पुढे २०२० मध्ये राज्य शासनाने स्वतंत्र कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. आता अशा केंद्रांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. मराठवाड्यात मात्र या व्यवसायाला शासकीय धोरणाआधीच एक जुना पाया होता, तो म्हणजे हुरडा. ज्याच्या शेतात ज्वारी, त्याच्याकडे पौष-माघात आप्तेष्टांनी हुरड्याला जायचे, ही रीत कोणी शिकवावी लागली नाही.

नव्या पिढीतील वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. आपल्या काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि ती बहुतांशी जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. कणसातील दाण्याचे दूध आटून तो मऊ होतो, पण अजून कडक झालेला नसतो, त्या अवस्थेला पीक ‘हुरड्यात आले’ असे म्हणतात. एका शेतात ही अवस्था जेमतेम आठ-दहा दिवस टिकते. शेतात लहानसा खड्डा करून, म्हणजे आगटी करून, गोवऱ्यांचा विस्तव करतात. फुफाट्यात कणसे भाजतात. गरम कणीस हातावर चोळून दाणे मोकळे करतात आणि सुपात पाखडून पुढे ठेवतात. गुळभेंडी आणि सुरती या जुन्या वाणांची गोडी अनेकांच्या जिभेवर अजून आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’, तर परभणीच्या विद्यापीठाने ‘परभणी वसंत’ असे खास हुरड्याचे वाण दिले आहेत. ज्या गावच्या बद्रीनारायण बारवाले यांना बियाणे क्षेत्रातील कार्यासाठी १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, त्या जालन्याच्या रहिवाशांनी वाणाचे नाव विचारून हुरडा खावा, हे शोभणारेच आहे.

गेल्या पौषात आम्ही अंबड तालुक्यातील एका शेतावर दोन दिवस राहिलो. मोसंबीच्या बागेशेजारी दोन साध्या खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर बाज, आणि समोर पांढरीशुभ्र होत चाललेली ज्वारी. आमच्यासोबत माझी मोठी बहीण होती. वय अठ्ठ्याहत्तर, चोविहार, उकळलेले पाणी आणि कंदमूळत्याग हे नियम गेली चाळीस वर्षे अखंड. तीर्थक्षेत्र आणि माहेर यांखेरीज तिने बाहेर मुक्काम केलेला आम्हा कोणालाच आठवत नव्हता. तिला नेण्यापूर्वी माझ्या पत्नीने यजमान गृहिणीला फोन करून आपले सर्व नियम सविस्तर सांगितले आणि शेवटी संकोचाने म्हणाली, “ताई, तुम्हाला फार त्रास होईल का?”

पलीकडून उत्तर आले, “त्रास कसला, काकू? आम्ही माळकरी माणसं. चातुर्मासात कांदा-लसूण आमच्या घरातबी बंदच असतो. तुम्ही दिवस बुडायच्या आत जेवता, आम्ही दिवस बुडाल्यावर. आगटी तेवढी लवकर पेटवायची, दुसरं काय!”

या एका वाक्याने निम्मी चिंता मिटली. ज्या घरात तुळशीची माळ आहे, तेथे मांस-मद्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मुक्काम निवडताना खोल्यांच्या छायाचित्रांपेक्षा ही चौकशी आधी करावी, असे माझे मत झाले आहे.

उरलेली निम्मी चिंता नियोजनाची असते. तिचे तपशील येथे देतो, कारण वाचकांना त्याचाच उपयोग होईल.

पहिली गोष्ट तिथीची. हुरडा हे हिरवे धान्य. पंचमी, अष्टमी, चतुर्दशीला हिरवे वर्ज्य करणाऱ्या कुटुंबांनी पंचांग पाहूनच दिवस ठरवावा. केवळ रविवार पाहून ठरवू नये. दुसरी गोष्ट वेळेची. जानेवारीच्या मध्यास आपल्याकडे सूर्योदय सातच्या सुमारास आणि सूर्यास्त सहानंतर लगेचच होतो. नवकारसीची अठ्ठेचाळीस मिनिटे धरली तर पावणेआठनंतर न्याहारी, दुपारी साडेतीनला आगटी आणि साडेपाचपर्यंत भोजन, असा क्रम सहज बसतो. रात्री दिव्यांच्या माळा लावून, कर्णकर्कश गाण्यांत होणाऱ्या हुरडा पार्ट्यांची जाहिरात हल्ली फार दिसते. पण हुरड्याची खरी वेळ उतरत्या उन्हाचीच आहे, हे कोणीही जुना शेतकरी सांगेल.

तिसरी गोष्ट पदार्थांची. हुरड्यासोबत सर्वत्र लसणाची चटणी वाढतात. तिच्या जागी तीळ, जवस किंवा कारळाची जिरे घातलेली चटणी सांगावी. आगटीत सोबत रताळी टाकण्याची पद्धत असते, ती नको म्हणून आधीच कळवावे. दही हुरड्याबरोबर चालते, कारण ज्वारी द्विदल नव्हे; परंतु ओल्या हरभऱ्याचा हुळा भाजला असेल, तर त्यासोबत कच्चे दही घेऊ नये. बोरे खाण्यापूर्वी फोडून पाहावीत. आणि जयणा म्हणून, गोवऱ्या विस्तवात घालण्यापूर्वी नीट झटकून घ्याव्यात. आम्ही हे सांगितले तेव्हा यजमानांच्या शाळकरी मुलाने प्रत्येक गोवरी उलटीपालटी करून पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही न सांगता पुन्हा पाहिली.

भोजनात ज्वारीची भाकरी, ओल्या तुरीच्या दाण्यांची म्हणजे सोल्यांची आमटी, मेथी, आणि मिरचीचा लसूणविरहित ठेचा होता. माझ्या बहिणीने सूप मांडीवर घेतले आणि यजमानांच्या सासूबाईंसोबत हुरडा पाखडू लागली. बालपणी परतूरला तिने हे काम केले होते, असे तिने त्या दिवशी प्रथमच सांगितले. सूर्यास्तापूर्वी पाणी पिऊन तिने पच्चक्खाण घेतले, तेव्हा त्या सासूबाईही हातातला चहा बाजूला ठेवून काही क्षण स्तब्ध बसल्या. दोघींनी एकमेकींना धर्माविषयी काहीही विचारले नाही.

आता थोडे हिशेबाविषयी. बँकेत आयुष्य घालविलेल्या माणसाला त्यावाचून राहवत नाही. पीककर्जाच्या पाहणीसाठी मी शेकडो शेतांवर गेलो असेन. विहिरीत डोकावायचे, पीक पाहायचे, सही घ्यायची आणि अंधार पडण्याआधी निघायचे. आपल्या समाजाचे शेतकऱ्याशी नातेही बहुतांशी आडतीवरचे किंवा दुकानातले. माल तो आणतो, भाव आपण सांगतो. पाहुणा होऊन त्याच्या ओट्यावर बसले की हे नाते थोडे उलटते: भाव तो सांगतो आणि घासाघीस करायची की नाही हे आपल्याला ठरवावे लागते.

माझे म्हणणे असे की, करू नये. कारणे व्यावहारिकच आहेत. जिरायत ज्वारीचे एकरी उत्पन्न मोजक्या क्विंटलांत असते, म्हणून कापूस आणि सोयाबीन पुढे सरकले व ज्वारी मागे पडली. हुरड्यासाठी कणीस खुडले तरी ताटे जनावरांना चारा म्हणून उरतात. म्हणजे हुरड्याला योग्य दाम मिळाला, तर ज्वारी शेतात टिकण्यास एक कारण मिळते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. समारंभ झाले, पण ज्वारी पेरणारा हात समारंभावर चालत नाही. शिवाय २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळताना आपण पाहिल्या आहेत. त्याच काळात पाणलोट क्षेत्र विकास आणि शेततळी यांच्या बळावर जालना तालुक्यातील कडवंचीने द्राक्षबागा जगविल्या, हेही पाहिले. एका पिकावर विसंबणाऱ्यापेक्षा दोन-तीन आधार असणारा शेतकरी तगतो. पाहुण्यांचे उत्पन्न हा असाच एक आधार आहे.

त्यासाठी पाहुण्यानेही शिस्त पाळावी. तुम्ही तारीख दिली की शेतकरी त्या तारखेला हुरड्यात येणारा ज्वारीचा तुकडा तुमच्यासाठी राखून ठेवतो. तुम्ही आदल्या रात्री ‘जमत नाही’ असे कळविले, तर दाणा तुमची वाट पाहत नाही. तो कडक होतो. म्हणून आगाऊ रक्कम स्वतः होऊन द्यावी, आणि येणे रद्द झाल्यास ती परत मागू नये. हुरडा गरम असताना घरातील स्त्रिया वाढत राहतात व त्यांचे जेवण सर्वांत शेवटी होते. आपल्यातील एक-दोघांनी उठून कणसे चोळायला बसावे. सुपात जेवढे खाल तेवढेच घ्यावे.

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला की आपल्यासाठी प्रवासाचे दिवस सुरू होतात. डिसेंबर-जानेवारीत हुरडा, त्यानंतर हरभऱ्याचा हुळा, कडवंचीकडील द्राक्षे, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची मोसंबी. भौगोलिक मानांकन लाभलेली ही जालन्याची मोसंबी झाडाखाली बसून खाण्याचा योग परगावच्या आप्तांनाही घडवावा. आठ दिवस आधी फोन करा, आपले नियम संकोच न करता सांगा, आणि घरातील ज्या ज्येष्ठ व्यक्तीने ‘तुम्ही जाऊन या’ म्हटले असेल, तिच्यासाठी गाडीत पुढची जागा ठेवा.

जय जिनेन्द्र.