थायरॉइडची गोळी आणि छातीची धडधड

थायरॉइडची गोळी आता आपल्या घरांत चहा-साखरेइतकी परिचयाची झाली आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत (मुंबई व गोवा त्यात होते) दर १०० प्रौढांमागे सुमारे ११ जणांत या ग्रंथीचे कार्य मंदावलेले आढळले. जळगाव-धुळ्याकडील एकत्र कुटुंबात तर फडताळात एखादी बाटली हटकून असते. तरीही एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. मात्रा बदलली की त्याची वर्दी पुष्कळदा हृदय देते, आणि तीही काही आठवडे उलटल्यावर.

गळ्यातील या ग्रंथीचा स्राव शरीराच्या चुलीची आच ठरवतो. तो कमी पडला की नाडी मंदावते, अंगावर सूज येते, कोलेस्टेरॉल वाढते. अधिक झाला की छाती धडधडते, हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. वृद्धांत मात्र यांपैकी बहुतेक लक्षणे दिसतच नाहीत. केवळ थकवा आणि बेताल नाडी एवढेच हाती लागते. अमेरिकेतील फ्रामिंगहॅम येथील अभ्यासात, ज्यांचे टीएसएच फारच खाली गेले होते अशा साठीपुढील व्यक्तींमध्ये दहा वर्षांत हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट आढळले. अशा बिघडलेल्या लयीतून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात ओढवू शकतो. म्हणूनच वयस्कांना वा हृदयविकार असलेल्यांना डॉक्टर १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमपासून आरंभ करून पायरीपायरीने वर नेतात.

परिणाम उशिरा का दिसतो, हे व्यापारी वाचकांस सांगणे सोपे आहे. घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा कसा काढतात ते आठवावे. हे औषध शरीरात शिरल्यावर साधारण सात दिवसांनी निम्मे उरते, पुढील सात दिवसांनी त्याचे निम्मे. त्यामुळे ५० ची गोळी ७५ ची झाली, तर वाढीव २५ चा निम्मा परिणाम पहिल्या आठवड्यात, पाऊण दुसऱ्यात, आणि जवळजवळ पूर्ण पाच-सहा आठवड्यांनी जाणवतो. टीएसएचची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करावयास सांगतात ती याचसाठी. पंधरा दिवसांत काढलेला ताळेबंद अपुराच असणार. आणि धडधड सुरू होते तेव्हा बदललेली गोळी जुनी गोष्ट झालेली असते. घरचे लोक पित्त, गॅस नाहीतर काळजी यांवर दोष ठेवून मोकळे होतात.

आमच्या नात्यातील धुळ्याच्या एका काकीजींचे उदाहरण बोलके आहे. त्या गोळी चहाबरोबर घेत आणि लगेच कॅल्शियमची गोळी. दोहोंमुळे औषध नीट शोषले जाईना, टीएसएच चढले, म्हणून मात्रा वाढवून मिळाली. त्याच आठवड्यात सुनेने शिस्त लावली : गोळी उपाशीपोटी, चहा तासाभराने, कॅल्शियम चार तासांनी. सल्ला बरोबरच होता. पण एकाच तुटीची भरपाई दोनदा झाली आणि डॉक्टरांना ते ठाऊकच नव्हते. पाचव्या आठवड्यात रात्री छाती धडधडू लागली. ईसीजी काढला, मात्रा पुन्हा उतरवली. नाडी ठिकाणावर येण्यास महिना लागला. काकीजींचा मात्र अजूनही सुनेवरच राग आहे!

आपल्या उन्हाळ्याचाही येथे विचार हवा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि हे औषध उष्णता, ओल व प्रकाश यांनी क्षीण होते. खिडकीतल्या किंवा चुलीशेजारच्या बाटलीत छापील मात्रा उरेलच असे नाही. तशीच गोष्ट कंपनी बदलण्याची. आपल्यातील कित्येकांची औषधांची दुकाने आहेत, त्यांनी राग मानू नये. परंतु ‘औषध तेच, फक्त कंपनी वेगळी’ हे येथे पुरेसे नाही. फ्रान्समध्ये २०१७ साली एका कंपनीने औषध तेच ठेवून केवळ पूरक द्रव्ये बदलली, तेव्हा हजारो रुग्णांनी तक्रारी केल्या. कंपनी बदलणे भागच पडले, तर डॉक्टरांस कळवून पुन्हा तपासणी करावी.

नवकारशी करणाऱ्यांनी ती पूर्ण होताच गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-न्याहारी अर्ध्या ते एक तासाने. काही डॉक्टर निजताना गोळी सुचवतात. चौविहार पाळणाऱ्यांनी आपला नियम त्यांस स्पष्ट सांगावा. एका उपवासाने शरीरातील साठा दहा टक्क्यांनीही घटत नाही, त्यामुळे त्याची भीती नको. अठाईत मात्र तो निम्म्यावर येतो, म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. राहिलेल्या गोळ्या पारण्याच्या दिवशी एकदम घेणे हृदयास घातक ठरू शकते.

मात्रा बदलल्यापासून दोन महिने, सकाळी अंथरुणात असतानाच मनगटावरील नाडी पूर्ण ६० सेकंद मोजून तारखेसह वहीत लिहावी. नेहमी ७२ असणारी नाडी ९५ वर राहू लागली, किंवा ठोके चुकू लागले, तर गोळी आपल्या मनाने बंद न करता ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. छातीत दुखणे, धाप किंवा भोवळ असेल, तर टीएसएचच्या अहवालाची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. रात्र असली तरी.