वाकडी भिंत आणि कारागिराची पत

कुटुंब वाढले, मुलांची लग्ने झाली की मागच्या अंगणात एखादी खोली काढावी लागते. दुकानदार असो की यंत्रमागवाला, त्याची कित्येक वर्षांची शिल्लक त्यात जाते. आमच्या मोहल्ल्यात अशाच एका खोलीवरून नुकताच वाद झाला. नऊ इंची भिंत छतापर्यंत आली होती. मालकाने ओळंबा सोडला तर ती वरच्या अंगाला दीड इंच बाहेर! सांधे कुठे अर्धा इंच, कुठे एक इंच. काही ठिकाणी उभे सांधे एकावर एक आलेले. मिस्त्री म्हणाला, "चाचा, काळजी करू नका, गिलाव्यात सगळं झाकून जाईल."

या एका वाक्याने आपल्या कारागिरांची पत जाते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विटकामाचे भारतीय मानक (आय.एस. 2212) एका मजल्याच्या भिंतीला दहा फुटांत सुमारे पाव इंचापर्यंतच कल चालू देते. सांधा साधारण 10 मिलिमीटरचा असावा लागतो. दीड इंचाचा कल झाकायचा तर गिलावाही तेवढाच जाड मारावा लागेल आणि तो स्वतःच्या वजनाने सुटेल. उभे सांधे एका रेषेत आले की विटांची पकड राहत नाही, भेग सरळ खालपर्यंत जाते.

पण सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारणेही बरोबर नाही. सर्वांत कमी दराचा माणूस आपणच शोधतो. वीट कच्ची आणतो, ती भिजवायला पाणी पुरवत नाही, सिमेंटला हात आखडता घेतो आणि "जुम्म्यापर्यंत छत पडलं पाहिजे" म्हणून घाई करतो. बांधल्यावर सात दिवस पाणी मारायचे, तेही कोणाच्या लक्षात राहत नाही.

मग करावे काय? भिंत वाकडी दिसताच गिलाव्याआधी काम थांबवावे. भांडू नये, पण पुढचा हप्ताही देऊ नये. दोघांना मान्य असलेला एखादा जुना गवंडी किंवा इंजिनियर बोलावून, दोघांच्या समक्ष ओळंबा, दोरी आणि पट्टी लावून मापे लिहून घ्यावीत. मोबाइलवर फोटो काढावेत. नुसते सांधे पोकळ असतील तर ते खरवडून दरजा भरता येतात. कल असेल किंवा सांधमोड चुकली असेल, तर चांगल्या थरापर्यंत भिंत उतरवण्याला इलाज नाही. चूक हाताची असेल तर मजुरी आणि वाया गेलेला माल मिस्त्रीचा. वीट मालकाने खराब आणली असेल तर भुर्दंड मालकाचा.

जुन्या आणि नव्या भिंतीच्या जोडावर उभी भेग पडली तर मात्र आधी पाया पाहावा. काळ्या मातीत नवा पाया मुरमापर्यंत गेला नसेल तर तो खचतो. ती चूक विटकामाची नव्हे.

काम ठेक्याने दिले असेल आणि समजुतीने मिटले नाही, तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. घरबांधणी ही कायद्याने 'सेवा' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 सालीच स्पष्ट केले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही तेच आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पण त्यासाठी हातात कागद हवा. विटेचा प्रकार, मालाचे प्रमाण, दर, हप्ते आणि 'मापाबाहेर गेल्यास पुन्हा बांधून देईन' ही ओळ, एवढे एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. नात्यातल्या माणसाचे काम असले तरी.

मोहल्ल्यातला वाद शेवटी मिटला. एका वयस्कर गवंड्याने मापे घेतली, भिंत खिडकीच्या तळापर्यंत उतरली. मजुरी मिस्त्रीने सोसली, सिमेंट मालकाने दिले. मिस्त्रीचे चार दिवस गेले. पण गिलाव्याखाली वाकडी भिंत ठेवून तो गेला असता, तर त्या गल्लीत त्याला पुन्हा थापी धरता आली नसती.