विश्लेषण : तिरंदाजी शिकायचीय? पहिलं धनुष्य कोणतं घ्यावं?

2028च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कम्पाउंड तिरंदाजीचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच खेळवला जाणार आहे. महाराष्ट्रासाठी ही बातमी जवळची आहे. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कम्पाउंडमध्येच वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली होती. त्यामुळे मुलाला तिरंदाजीला घालणाऱ्या पालकांपुढे प्रश्न उभा राहतो : थेट महागडं कम्पाउंडच घ्यायचं का?

धनुष्यांमध्ये फरक काय?

आपल्याकडे प्रामुख्याने तीन प्रकार दिसतात. इंडियन राउंडचं बांबूचं धनुष्य सर्वात स्वस्त आणि साधं असतं. रिकर्व्हची टोकं पुढच्या बाजूला वळलेली असतात. ऑलिम्पिकमधली वैयक्तिक स्पर्धा रिकर्व्हवर, 70 मीटरवरून होते. कम्पाउंडच्या टोकांना चाकं असतात. दोरी पूर्ण मागे आल्यावर हातावरचा भार साधारण 65 ते 80 टक्क्यांनी कमी होतो, त्यामुळे निवांत नेम धरता येतो. त्याची स्पर्धा 50 मीटरवरून होते.

नवख्यांनी काय पाहावं?

ब्रँडच्या आधी पाहायचा तो पाउंडमधला भार, म्हणजे दोरी ओढायला लागणारी ताकद. लहान मुलांना साधारण 10 ते 18 पाउंड आणि प्रौढांना 20 ते 26 पाउंड सुरुवातीला पुरतात. भार झेपला नाही, तर शरीर वाकडं होतं, चुकीची सवय लागते आणि खांदा दुखावतो.

म्हणूनच अनेक प्रशिक्षक सुटे भाग जोडता येणाऱ्या रिकर्व्हपासून सुरुवात करायला सांगतात. ताकद वाढली की फक्त वरच्या-खालच्या पात्या बदलायच्या, मधली मूठ तीच राहते. कम्पाउंड मात्र तिरंदाजाच्या हाताच्या लांबीनुसार जुळवावं लागतं. मूल वाढीच्या वयात असेल, तर हे काम पुन्हा पुन्हा करावं लागतं.

बऱ्याच वर्षांनी परतणाऱ्यांचं काय?

जुनं 40 पाउंडचं धनुष्य घरात असलं, तरी सुरुवात हलक्यानेच करावी. तंत्र लक्षात राहतं, पण पाठीच्या आणि खांद्याच्या स्नायूंची ताकद सरावाअभावी कमी झालेली असते. जुनी दोरी आणि पात्यांना गेलेले तडेही आधी तपासून घ्यावेत.

खरेदी कधी करावी?

पहिले दोन-तीन महिने क्लबच्या धनुष्यावर सराव करणं सोयीचं ठरतं. तेवढ्यात हाताची लांबी मोजून होते, कोणता डोळा प्रभावी आहे हे कळतं आणि मुख्य म्हणजे आवड टिकते का, तेही दिसतं. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा डावा डोळा प्रभावी असू शकतो. अशा वेळी डाव्या हाताचं धनुष्य घ्यायचं का, हे प्रशिक्षकाशी बोलूनच ठरवावं. ऑनलाइन सवलत पाहून आधीच घेतलेलं धनुष्य इथेच वाया जातं.