म्हणे, फार थोडं लिहिलं!

योहान गेओर्ग पिसेंडेल हे नाव कुठे आलंच तर दुसऱ्याच्या शेपटाला बांधून येतं. 'विवाल्डीचा शिष्य', 'बाखचा स्नेही'. आणि मग ती ठरलेली हळहळ: बिचाऱ्याने फार थोडं लिहिलं हो! मंडळी, मला या हळहळीचा मनापासून राग येतो.

मुळात हा माणूस काय करत होता ते तर बघा. जन्म १६८७, न्यूरेंबर्गजवळचा. लहानपणीच आन्सबाखच्या दरबारात गायला लागला, तिथेच तोरेल्लीकडे व्हायोलिन शिकला. १७१२ मध्ये ड्रेस्डेनच्या दरबारी वाद्यवृंदात नोकरी. राजपुत्राच्या लवाजम्याबरोबर १७१६ मध्ये व्हेनिसला गेला आणि विवाल्डीकडे शिकला. विवाल्डीने काही सोनाटा आणि कॉन्चेर्टो खास पिसेंडेलसाठी लिहिले, वर तसं नमूदही केलं. येरागबाळ्या शिष्यासाठी कोणी असं करतं का?

परत येताना त्याने विवाल्डीच्या रचना आणल्या, कित्येक स्वतःच्या हाताने उतरवून. ड्रेस्डेनमध्ये त्या वाजवताना ओबो, हॉर्न वगैरेंची भर घातली. याला काही लोक ढवळाढवळ म्हणतात. म्हणोत बापडे. हाताशी युरोपातले नामी वादक असताना त्यांना काय गप्प बसवायचं?

पुढे १७२८ मध्ये कॉन्सर्टमास्टर वोल्युमिए वारला, आणि ती जबाबदारी पिसेंडेलवर आली. त्याचं खरं काम इथे आहे. ऑपेरा हासंचा असायचा. हासंशी बोलून घेऊन पिसेंडेल एकेका वादकाचा कागद पुढ्यात घ्यायचा आणि गज कुठे वर, कुठे खाली, कुठे जोर, कुठे हळू, हे सगळं त्यावर मांडायचा. प्रत्येक कागदावर, प्रत्येक ऑपेरासाठी! कंटाळवाणं काम, नाव कोणाचं होणार नाही असं. पण त्यातून वीस-पंचवीस हात एकाच मनाने हलायला लागतात. रूसोने १७६८ मध्ये आपल्या संगीतकोशात ड्रेस्डेनच्या वाद्यवृंदाची मांडणी आणि एकजीव वादन वाखाणलं. श्रेय? हासंच्या दिग्दर्शनाला. घ्या!

आपण संगीताचा इतिहास रचनांच्या याद्या मोजून लिहितो. विवाल्डीचे पाचशेच्या आसपास कॉन्चेर्टो, पिसेंडेलचे मोजून थोडे. म्हणजे हा लहान. एखाद्या कारकुनाने हजेरीपट बघून माणूस जोखावा तसलं हे गणित आहे. क्वांट्झसारखा बासरीवादक ड्रेस्डेनला त्याच्या हाताखाली अडाज्यो वाजवायला शिकला, ते कुठल्या यादीत धरायचं?

बरं, थोडं लिहिलं ते तरी हलकं आहे का? त्याची एकट्या व्हायोलिनसाठीची ए मायनर सोनाटा ऐका. बाखने आपल्या एकट्या व्हायोलिनच्या सहा रचनांची प्रत १७२० मध्ये पूर्ण केली, आणि त्यामागे पिसेंडेलची प्रेरणा असावी असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. सिद्ध झालेलं नाही, मान्य. पण ऐकताना मला तो तर्क खोटा वाटत नाही.

पिसेंडेल १७५५ मध्ये गेला. त्याचा नोटेशनचा संग्रह दरबाराकडे आला आणि दरबारी चर्चमधल्या एका कपाटात बंद झाला. ते कपाट उघडलं १८६०च्या सुमारास, आणि जो तो त्यात विवाल्डी शोधायला धावला.